पुरी, पळस, गाल

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दोन रंगांच्या खुणा असतात. निळ्या खुणा दुधाच्या खाड्यांच्या आणि लाल खुणा माझ्या. दूध घेतलं नाही त्या दिवसाच्या चौकटीत आमची ही निळी फुली मारते. मी काही विसरलो तर लाल पेनाने बारीक 'वि' लिहिते आणि काय विसरलो ते खालच्या मोकळ्या पट्टीत टिपून ठेवते. हे दुसरं खातं २०२४ च्या जूनमध्ये उघडलं. मिरे आणायला सांगितले होते आणि मी जिरे घेऊन आलो, त्या दिवशी. "उगाच वाद नकोत, लेखी असलेलं बरं," ही म्हणाली. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोंदवह्या सांभाळलेला मी, लेखी पुराव्यापुढे काय बोलणार? जुलैअखेर हिशेब झाला तेव्हा दुधाचे खाडे तीन होते, माझे अकरा. खाड्यांचे पैसे गवळी बिलातून वजा करतो. माझ्यातून काय वजा करायचं ते ठरलं नव्हतं.

अकरा आकडा बघून मी घाबरलो. तोवर विसरणं हा आमच्याकडे हसण्याचा विषय होता. सांगलीला विश्रामबागेत आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. तिथे कोणी कपाळावरचा चष्मा शोधायला लागलं की 'काखेत कळसा' होतं, कोणी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की 'साठी बुद्धी नाठी' होतं. आमचे एक सभासद बुद्धीसाठी रोज रात्री सात बदाम भिजत घालतात आणि सकाळी वाटी कुठे ठेवली ते विसरतात. तिसऱ्या दिवशी वासावरून सुनेला वाटी सापडते. ही हकीगत ते स्वतःच सांगतात आणि आम्ही पोट धरून हसतो. हसणारा माणूस त्या दिवसापुरता सुटलेला असतो. आमच्यात कोण हसत नाही, इकडे मात्र कधी लक्ष गेलं नाही.

मी त्या संघाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे वार्षिक सभेत 'मी नको' म्हणायला ज्याला उशीर होतो तो. मला तर उशीर व्हायला कारणही होतं, पण ते नंतर कळलं. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन, त्या निमित्ताने व्याख्यान ठेवावं असं कार्यकारिणीत ठरलं आणि वाद सुरू झाला तो फलकावर काय लिहायचं याचा. 'स्मृतिभ्रंश' लिहिलं तर कोणी यायचं नाही, आणि आलेच तर कोण कोण आलं हे लोक बघणार. 'अल्झायमर' हा शब्द फलक रंगवणाऱ्याला जमायचा नाही, असाही मुद्दा निघाला. शेवटी 'ताजा मेंदू, ताजं मन. नंतर भडंग व चहा' असा फलक लागला. एकशेवीस सभासदांपैकी शंभराच्या वर आले. सांगलीत भडंगाला वजन आहे हे खरं, पण तेवढंच कारण नसावं.

व्याख्यात्या मिरजेच्या, मेंदूविकाराच्या डॉक्टर. मिरजेत तंबोरे आणि डॉक्टर दोन्ही गल्लोगल्ली मिळतात. या आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकूण खर्चातली वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. हिने माझ्याकडे पाहिलं. घरात बसून खाणाऱ्याचं वर्णन आलं की ही माझ्याकडे पाहते.

मग त्यांनी एका बाईंची गोष्ट सांगितली. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत, फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्याजवळ बसून साधे साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायचे. स्वतःचं नाव लिही म्हटलं तर ती सुरुवात करायची आणि पुढे काय ते तिला आठवायचं नाही. ती होती अवघी ५१ वर्षांची. आमच्या म्हणीतली साठी यायला तिला अजून नऊ वर्षं होती. १९०६ मध्ये ती गेली, अल्झायमरनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात जे दिसलं ते त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या डॉक्टरांच्या सभेत मांडलं. भाषण संपल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

आमच्याकडे प्रश्नांचा पूर आला. पण सगळे प्रश्न मित्रांचे होते. "माझ्या एका मित्राला नावं आठवत नाहीत." "आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांना…" शंभर माणसांच्या सभेत शंभर मित्र आजारी आणि हजर असलेले सगळे ठणठणीत. डॉक्टरांना याची सवय असावी. त्यांनी सगळ्या मित्रांना मिळून एकच उत्तर दिलं. वय वाढलं की नाव ओठांवर येऊन अडतं आणि थोड्या वेळाने, बहुधा अंघोळ करताना, आठवतं. हे चालायचंच. भाजीत मीठ घालायचं राहिलं, हेही चालायचं. पण तीस वर्षं रोज घातलेल्या फोडणीत तेल आधी की मोहरी आधी हेच सुचेना, रोजच्या रस्त्यावर उभं राहून घर कुठल्या बाजूला ते कळेना, दर महिन्याचा पेन्शनचा हिशेब हातातून सुटायला लागला, तर हसू नका, डॉक्टरकडे या. आणि आलात म्हणजे लगेच तो आजारच असं समजू नका. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉईड मंदावली असेल, मन खचलं असेल, तरी माणूस असाच विसरायला लागतो. त्याला औषध आहे.

मग आकडा आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीच्या पुढच्या माणसांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, देशभरात सुमारे ८८ लाख. हे वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "एकशेवीसला नऊ. किंचित कमी, पण नऊच धरा." हे आमचे अण्णा. गणिताचे निवृत्त शिक्षक आणि पाडव्यापर्यंत संघाचे खजिनदार. पावकी, निमकी, दिडकी, औटकी अजून तोंडपाठ असलेली ती पिढी. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर सभेत विचित्र शांतता पसरली. प्रत्येक जण मनात नऊ जण मोजत होता. शेजारच्याकडे हळूच बघायचं, बोट दुमडायचं. मीही मोजले. माझ्या नऊमध्ये दोन माजी अध्यक्ष होते, बदामवाले होते, नववा मी स्वतः होतो. अण्णांना मी धरलं नव्हतं.

पुढचा भाग थोडा आनंदाचा होता. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हे शाळेत न गेलेल्यांतही दिसलं. आमचा हा सगळा भाग सीमेवरचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, रिक्षात दख्खनी. अथणीची बायको असलेले एक सभासद उठून म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं आम्ही दोन भाषांत भांडतोय, ते फुकट गेलं नाही."

शेवटी डॉक्टरांनी एक यादी वाचली. २०२४ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ती काढली होती. स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण आपल्याला काही ना काही इलाज करता येईल अशा चौदा गोष्टी. त्या सगळ्या सांभाळल्या तर स्मृतिभ्रंशाचे जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज. चिटणीस म्हणून मी इतिवृत्त लिहीत होतो. रक्तदाब, मधुमेह, चरबी, लठ्ठपणा, तंबाखू, दारू, बसून राहणं, एकटं पडणं, खिन्नता, डोक्याला मार, धूर आणि प्रदूषण, मोतीबिंदूसारखा न सुधारलेला डोळ्यांचा दोष, लहानपणी कमी शिक्षण. प्रत्येक शब्दाला सभेत कोणीतरी खुर्चीत सरकून बसत होतं. बदाम या यादीत नव्हते. एका गृहस्थांनी बदामांबद्दल मुद्दाम विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "खा की. पण ते शोधायला सकाळी दोन किलोमीटर चालत जा." हे वाक्य मला ऐकू आलं, कारण त्याला हशा पडला आणि शेजाऱ्याने मला परत सांगितलं.

घरी आल्यावर मोजलं तर इतिवृत्तात तेराच गोष्टी होत्या. चौदावी मी विसरलो होतो. हिने पेन उघडलं. २१ सप्टेंबर, 'वि'.

पुढच्या आठवड्यात आम्ही मिरजेला त्यांच्या दवाखान्यात गेलो. कालनिर्णय हिने गुंडाळी करून पिशवीत घेतलं होतं. खोलीत शिरताच तिने ते टेबलावर उलगडलं, तलाठ्यापुढे सातबारा ठेवतात तसं. डॉक्टरांनी जून, जुलै, ऑगस्ट अशी पानं निगुतीने वाचली. तोंडावर मास्क होता, त्यामुळे त्या हसल्या की नाही ते कळलं नाही.

मग माझी तोंडी परीक्षा. आज तारीख कोणती, वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत. तिथी विचारली नव्हती, ती हिने आपणहून सांगितली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या; त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असं मी धाडधाड उतरलो. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाल्या, तेही दाखवलं. त्याच्या आधी त्यांनी तीन शब्द सांगितले होते, लगेच म्हणून दाखवायला आणि लक्षात ठेवायला. मी म्हणून दाखवलं, "पुरी, पळस, गाल." त्यांनी भुवया उंचावल्या, मान डोलावली आणि पुढे गेल्या. घड्याळाचं झाल्यावर विचारलं, "मघाचे तीन शब्द?" मी आत्मविश्वासाने म्हणालो, "पुरी, पळस, गाल." हिने डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "काका, आता माझ्याकडे बघा. सुरी. फणस. शाल."

खोलीत काही क्षण कोणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही काहीच विसरला नाहीत. तुम्ही जे ऐकलंत ते पाच मिनिटांनी जसंच्या तसं सांगितलंत. पण जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार?" आणि त्यांनी कालनिर्णयावर पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. मिरे आणि जिरे. 'सहाला ये' आणि 'दहाला ये'. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं एल.आय.सी.चं कुठलंसं काम. जुलैच्या अकरांपैकी सात त्यांनी कानाच्या खात्यात टाकले. माझ्याकडे चार उरले. बँकेत पाच वर्षांपूर्वी झालेली चूक सापडून पैसे परत मिळावेत, तसं मला झालं. मग मी हळूच इतिवृत्ताची वही पुढे केली. त्यांनी वाचली आणि मोठ्याने हसल्या. मास्क खालीच होता, त्यामुळे दिसलं. "चौदावी गोष्ट तुम्ही विसरला नाहीत काका. ती म्हणजे ऐकू कमी येणं. तुम्हाला ती ऐकू आली नाही."

तरी रक्त तपासायला दिलंच. बी-१२ कमी निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या. तो भाग तसा साधा. खरी गंमत कानाच्या तपासणीची. एका लहानशा बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बराच वेळ शिट्टी आली नाही, तेव्हा मी काचेतून खूण करून विचारलं, यंत्र बिघडलंय का. बाहेरच्या मुलीने नकारार्थी मान हलवली. ती त्या वेळी सलग शिट्ट्या वाजवत होती म्हणे.

आलेख हातात आला. डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे टिपेचे. रेघ डावीकडे बरी सपाट होती आणि उजवीकडे आंबा घाट उतरावा तशी खाली गेली होती. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळी असते, तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. टिपेचा आवाज टिपणाऱ्या पेशी तिच्या दारातच असतात, आणि घराचा उंबरा आधी झिजावा तशा त्या आधी झिजतात. गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आता बोलण्यात काय होतं, तर अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. स, श, फ, ख यांच्यात नुसती वरच्या पट्टीतली हवा. म्हणजे स्वर राहतात आणि व्यंजनं जातात. ताटात भात आहे, भाजी, आमटी, कोशिंबीर, चटणी काही नाही, अशी माझी भाषा झाली होती. म्हणून आवाज येतो आणि अर्थ येत नाही. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, मला ऐकू येतं हो, तुम्हीच पुटपुटता. मी हे हिला तीन वर्षं म्हणत होतो.

आणि मेंदू? तो बिचारा दिवसभर गाळलेल्या जागा भरत बसतो. समोरच्याने 'आल' म्हटलं, तर ती शाल की गाल की पाल, हे तो मागचंपुढचं पाहून ठरवतो. ठरवेपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असतात. सगळी शक्ती या शाब्दिक रोजगार हमीत गेल्यावर लक्षात ठेवायला काय उरणार? मग माणूस चार लोकांत जायचं टाळतो, कारण हसायचं कधी ते कळत नाही. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की यंत्र लावलं म्हणजे झालं असं नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीपासून जास्त होता त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मी कुठल्या गटात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या गटात आहात जो बायकोला तीन वर्षं खोटं ठरवतोय."

एवढं समजूनही यंत्र घ्यायला मी चार महिने लावले. चाळीशी लागली तेव्हा चष्मा आनंदाने केला होता. फ्रेम निवडायला दोन मित्र घेऊन गेलो होतो. मग कानालाच काय लाज? डोळ्यांची काच माणसाला विद्वान करते आणि कानातली तार म्हातारा करते, हे कोणी ठरवलं कोण जाणे. २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ६५ वर्षांवरच्यांना साधनांसाठी तीन हजार रुपये मिळायला लागले. आमच्या संघातून मी स्वतः अर्ज भरून दिले. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा, सगळ्यांवर खुणा झाल्या. यादीत श्रवणयंत्रही होतं. त्यावर एकाचीही खूण नाही. अर्ज भरताना मी प्रत्येकाला प्रश्न दोनदा विचारत होतो आणि ते मला उत्तर तीनदा देत होते.

अखेर दोन गोष्टींनी माझं डोकं ठिकाणावर आणलं. पहिली तंबोरा. मिरजेला मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मी वर्षानुवर्षं जातो. गेली काही वर्षं मला वाटायला लागलं होतं की तंबोऱ्यांत पूर्वीची जान राहिली नाही. तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की तिच्यातून जो मधमाश्यांसारखा बारीक झंकार उठतो, तो येत नव्हता. एका तंबोरे करणाऱ्या कारागिराला मी हे ऐकवलंही होतं. आताची पोरं घाई करतात, जवारीला हात लागत नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. पिढ्यान् पिढ्या त्या कामात असलेल्या माणसाने माझ्यासारखे किती जण ऐकून घेतले असतील! आलेख पाहिल्यावर उलगडा झाला. तो झंकार सगळा माझ्या घाटाच्या पायथ्याशी होता. जवारी कानाचीच उतरली होती.

दुसरी गोष्ट भिकबाळी. आमचा नातू पुण्याला ढोल पथकात आहे. सुट्टीत आला तर उजव्या कानाच्या वरच्या पाळीत मोत्याची भिकबाळी. पेशवाईतले पुरुष घालत तशी. त्याला म्हटलं, ढोलापुढे तासन् तास उभा राहतोस, कानात कापसाचा बोळा तरी घाल, नाहीतर माझ्या वयात माझ्यासारखा होशील. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही तुमच्या कानाचं बघा ना आधी." मग मी बघितलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या दोन्ही कानांना लावा. मी म्हटलं, आधी एक बघू. उजव्याच कानात लावलं.

पहिल्या दिवशी घर अंगावर आलं. फ्रीज गुणगुणतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या चपला वाजतात. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं वाटतं. हिच्या बांगड्या, मागच्या अंगणातले सातभाई, शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी. मेंदूला हे सगळं पुन्हा चाळायला शिकावं लागतं, कुठला आवाज ठेवायचा, कुठला टाकायचा. त्याला काही आठवडे लागतात. कंटाळून यंत्र कपाटात टाकणारे याच आठवड्यांत टाकतात. गाणं मात्र यंत्राला नीट जमत नाही. ते बोलण्यासाठी बनवलेलं, त्यातून तंबोरा थोडा पत्र्यासारखा लागतो. पण झंकार आहे. कारागिराकडे जाऊन मी तसं सांगून आलो. त्यांनी तेही ऐकून घेतलं.

तोटे आहेत. पूर्वी बागेतल्या कट्ट्यावर माझ्याबद्दल काय बोलतात ते कळत नसे. आता कळतं. भिंतीलाच नव्हे, मलाही कान आहेत हे काही जणांच्या अजून लक्षात आलेलं नाही. घरात 'ऐकू आलं नाही' ही सबब कायमची गेली. कालनिर्णयावर मार्चमध्ये 'वि' चार होते, एप्रिलमध्ये तीन. हे आता खरोखर माझे. त्यांच्यावर अपील नाही.

कान आल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आल्या त्या काकू, अण्णांच्या पत्नी. म्हणजे त्या बोलत होत्याच. मीच ऐकत नव्हतो. यंत्र लावून दुसऱ्या आठवड्यात बागेच्या फाटकाशी त्या मला म्हणाल्या, "भावजी, आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत…" आणि थांबल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता, की जुन्या कानाने मी हसून 'हो, हो' म्हटलं असतं आणि पुढे गेलो असतो. आधी किती वेळा तसं झालं असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. मग काकूंनी सगळं सांगितलं. व्याख्यानाच्या दिवशी जिना उतरताना अण्णांनी त्यांना विचारलं होतं, लग्न कोणाचं होतं? खुर्च्या, चहा, भडंग पाहून त्यांना तसं वाटलं असणार. पाडव्याला अण्णांनी डोळ्यांचं कारण सांगून खजिनदारपद सोडलं, ते डोळ्यांमुळे नव्हतं. त्याआधीचं वर्षभर हिशेब काकूच लिहीत होत्या, अण्णांच्या अक्षरात. एकदा संघात आम्ही 'अस्तु' दाखवला होता. त्यात डॉ. मोहन आगाशे विसरत चाललेल्या संस्कृत पंडिताच्या भूमिकेत आहेत. काकू मध्येच उठून बाहेर गेल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत असतील म्हणून मी बाहेर खुर्ची पाठवली होती.

आता अण्णांना मिरजेचं औषध चालू आहे. आजार मागे फिरत नाही, पण काकूंना निदान खोटं अक्षर काढावं लागत नाही. संघात सगळ्यांना माहीत झालं आहे. गंमत म्हणजे त्यानंतर मित्रांचे आजार कमी झाले आणि दोघं-तिघं स्वतःचं नाव सांगून तपासायला गेले. बदामवाल्यांचे कान तपासले, रेघ माझ्यापेक्षा खाली.

रोज संध्याकाळी पाच ते सहा अण्णांजवळ बसायची पाळी माझी. काकू तेवढ्यात भाजी आणतात, देवळात जातात, किंवा नुसत्याच कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात. अण्णांना माझं नाव येत नाही. मी कोण, तर 'ऑफिसचे'. पण मी तेराची औटकी म्हणालो आणि मुद्दाम सव्वापंचेचाळीस सांगितलं, तर मांडीवर हात आपटून म्हणतात, "साडेपंचेचाळीस! वर्गाबाहेर!" मी दारापर्यंत जाऊन परत येतो.

आणि रोज केव्हातरी त्यांची नजर माझ्या उजव्या कानाकडे जाते. पुढे वाकून, बारीक डोळे करून ते विचारतात, "हे काय घातलंय?"

"भिकबाळी," मी म्हणतो.

ते हसतात. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. माझा एकच विनोद, दोन पावसाळे झाले, रोज नवा. घरी असा श्रोता मला चाळीस वर्षांत मिळालेला नाही.

काल त्यांनी विचारलं नाही. सहा वाजत आले, फाटकाशी काकूंच्या चपला वाजल्या. मग मीच मान वळवली आणि उजवा कान त्यांच्यापुढे केला.